बारा बिल्ले आणि चपलांचा एक जोड

कागदोपत्री त्याला नाव होतं, पण ते घ्यायला कुणाची जीभ वळत नसे. लहानथोर सगळे त्याला ‘खबरदार’ म्हणायचे. समुद्रकाठच्या राखीव रानात फिरायला आलेली माणसं चौकीपुढं जमली की हा गडी घसा खाकरायचा आणि तोंडातून पहिला शब्द निघायचा तो हाच. “खबरदार, दोरीपलीकडं पाऊल टाकाल तर! खबरदार, घरट्यांच्या अंगाला जाल तर! खबरदार, घंटा झाल्यावर खाली रेंगाळाल तर!” माणसं हसायची, पण ऐकायची. कारण बोलताना त्याचे डोळे असे काही मोठे व्हायचे की ऐकणारा आपोआप एक पाऊल मागं सरायचा.

ते डोळे नाटकी नव्हते. खबरदार मुळातच भित्रा. लहानपणी विहिरीत वाकून बघायचं म्हटलं तरी मागून कुणीतरी त्याचा सदरा धरून ठेवावा लागायचा. अशा माणसाला नोकरी लागली ती शंभर फुटी कड्याच्या टोकावर. पण हा भित्रेपणाच त्याच्या कामी आला. धीट माणूस वाऱ्याकडं लक्ष देत नाही. वारा जरा फिरला तरी हा कान टवकारायचा. सव्वीस वर्षांत त्याच्या पाळीत एकही माणूस दगावलं नव्हतं. साहेब नव्या लोकांना ही गोष्ट छाती फुगवून सांगायचे, जणू कड्यावर तेच उभे असत.

जमीन जिथं संपायची तिथं हा कडा सात किलोमीटर पसरलेला. वर काटेरी झुडपं, वाऱ्यानं एका अंगाला वाकलेलं गवत, त्यातून जाणारी एक माणूस मावेल एवढी पायवाट. कड्याच्या भेगाभेगांत पक्ष्यांची घरटी, आणि त्यांचा दिवसभर चाललेला कलकलाट. वरच्या वाटेवर ससे दिसायचे, नशीब असलं तर कोल्हा. पण ज्याला खरं रान बघायचं त्याला खालच्या वाटेनं उतरावं लागे. आधी खडकात खोदलेल्या एकशे दहा पायऱ्या, मग कड्याला बोल्ट मारून बसवलेली एकोणीस दांड्यांची लोखंडी शिडी, आणि खाली काळ्या खडकाचं अंगण. हे अंगण ओहोटीलाच उघडं पडायचं. जेमतेम चार तास. त्या चार तासांत तिथं पाणमांजरं उन्हाला यायची. मग पाणी परत आलं की अंगण नाही, वाळू नाही, काही नाही. नुसतं उकळणारं पाणी.

चौकीची शिस्त खबरदारानं घालून दिलेली. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पत्र्याचा लाल बिल्ला. बिल्ले बारा, तेरावं माणूस खाली सोडायचं नाही. पायातल्या चपला-बूट चौकीच्या फळीखाली काढायचे आणि चौकीतले खरखरीत तळाचे रबरी बूट घालायचे, कारण खालच्या शेवाळावर साधी चप्पल म्हणजे थेट घसरगुंडी. वर आलं की ज्यानं त्यानं आपला बिल्ला फळीवरच्या खुंटीला लावायचा. बारा खुंट्या भरल्याशिवाय खबरदार चौकीला कुलूप लावत नसे. फळीसमोर उभा राहून बोट टेकवत टेकवत तो बिल्ले मोजायचा. घरी जाताना वाटेत थांबून कधीकधी परत यायचा आणि पुन्हा मोजायचा.

आता एक गोष्ट, जी साहेबांना ठाऊक नव्हती, बायकोला ठाऊक नव्हती, आणि त्यानं स्वतःलाही कधी मोठ्यानं सांगितली नव्हती. खबरदार खालच्या वाटेनं तेवीस वर्षांत एकदाही उतरला नव्हता.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तो एकटाच शिडी उतरत होता. गंजलेली एक दांडी पायाखाली मोडली आणि हा दोन हातांवर लोंबकळला. त्याच वेळी लाट आली. तिनं त्याच्या एका पायातला बूट काढून नेला आणि परत जाताना खडकाच्या भेगेत असा आवाज केला की कुणीतरी मोठा घोट गिळतंय. किती वेळ लोंबकळला ते त्याला कधी कळलं नाही. कसाबसा वर आला, चौकीमागं बादलीत विजार धुतली, आणि विचारणाऱ्याला सांगितलं, लाटेनं भिजवलं. दांडी दुसऱ्या आठवड्यात बदलली. पण तो घोट गिळल्याचा आवाज त्याच्या कानातून गेला नाही.

तेव्हापासून त्यानं कामाची वाटणीच अशी केली की कुणाला शंका यायला नको. “वरून नजर ठेवायला जुना माणूस लागतो,” असं म्हणायचं आणि जोडीदाराला खाली धाडायचं. तीन जोडीदार झाले. सध्याचा लांबटांग्या, चाळिशीचा, खडकावर बकरीसारखा चालणारा आणि बोलायला गेलं तर निम्मं वाक्य गिळणारा. दर महिन्याला साहेबांकडं एक छापील कागद जायचा. त्यात एक ओळ होती : ‘खालची वाट स्वतः उतरून तपासली – होय / नाही.’ खबरदार कड्याच्या काठाला पोटावर झोपायचा, दुर्बिणीतून शिडी बघायचा आणि ‘होय’भोवती गोल करायचा. मागच्या पंधरवड्यात लांबटांग्या म्हणाला होता, “खालून चौथी दांडी… फिरतेय जराशी.” खबरदार म्हणाला, “लोकांना सांग, ती सोडून पाय टाका. पुढच्या महिन्यात लिहू.” आणि ‘होय’भोवती गोल केला होता.

घरी मात्र त्याची जीभ सुटायची. घर म्हणजे दोन खोल्या, पुढच्या खोलीत निम्मी जागा शिलाई मशीननं अडवलेली. बायको शिवणवाली. शाळांचे गणवेश शिवायची आणि बायकांना शिवण शिकवायची. तिचा डावा गुडघा दुखरा. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत तो सुजून टम्म व्हायचा. मग नवरा-बायको एकाच बाकावर बसायची. कापड तिचं, पायडल त्याचं. ती नजर सुईवर ठेवून सांगायची, “चालू द्या… हळू… हळू… थांबा.” आणि हा मान वर न करता पायानं ऐकायचा. रात्रीच्या जेवणाआधी दोन-दोन तास. त्यात कंटाळा येऊ नये म्हणून तो तिला खालच्या अंगणातल्या गोष्टी सांगायचा. लांबटांग्यानं अर्धी सांगितलेली गोष्ट हा पुरी करायचा, वर मीठमसाला स्वतःचा.

“एक दांडगं पाणमांजर आहे. कान फाटलेला. कपाळावर पांढरा ठिपका. मी दिसलो की हलत नाही. बुटाचा वास घेतं आणि शिंकतं.”

“बूट कधी धुता का तुम्ही? शिंकेल नाही तर काय.”

“बाकीची पळतात. हे नाही पळत. ओळखतं.”

ती हसायची. पण विश्वास ठेवायची. आणि तोच विश्वास तिला खाली घेऊन गेला.

शिवणाच्या वर्गातल्या बायकांनी सहल ठरवली. पुढाकार पोस्टातलीचा. ही पोस्टात टपाल वेगळं करायची, आवाज भोंग्यासारखा, आणि शिवणवालीची जुनी मैत्रीण. खबरदाराला आदल्या दिवशी कळलं तेव्हा त्याचं धाबंच दणाणलं.

“अगं, एकशे दहा पायऱ्या आहेत. गुडघ्याचं काय?”

“गुडघा माझा आहे.”

“वरच्या वाटेनं फिरा. ससे असतात.”

“ससे बाजारातही दिसतात. मला तुमचं कानफाट्या बघायचंय. वीस वर्षं ऐकतेय. बघू तर द्या, कोण माझ्यापेक्षा जास्त ओळखतं तुम्हाला.”

दुसऱ्या दिवशी अकरा बायका आणि लांबटांग्या, असे बारा बिल्ले खुंटीवरून उतरले. बायकोच्या हातात बिल्ला देताना खबरदारानं तो पटकन सोडला नाही. पोस्टातली सगळ्यांदेखत म्हणाली, “भावोजी, आज तुम्हीच चला की खाली! बायकोला पाणमांजराची ओळख करून द्या.”

“चौकी सोडता येत नाही.”

“चौकी काय पळून जातेय?”

बायका खिदळल्या. शिवणवाली म्हणाली, “असू दे गं. ते रोजच उतरतात. त्यांना काय नवल त्याचं.”

हे ऐकून त्याला आणखी लाज वाटली. घसा खाकरून त्यानं आपलं नेहमीचं सुरू केलं, खबरदार हे, खबरदार ते, आणि पायऱ्यांच्या वळणापर्यंत बायकोचा भगवा रुमाल दिसत राहिला तोवर बघत राहिला.

पावणेचारला त्यानं घंटा वाजवली. पितळी घंटा, आवाज दणदणीत, पण खाली लाटांच्या गर्जनेत तो पोचायचा तेवढाच पोचायचा. सव्वाचारला पायऱ्यांवर गलका झाला. एका बाईला शिडीवरच चक्कर आली होती. लांबटांग्यानं सगळ्यात शेवटी यायचं हा नियम. पण तिला पाठीवर घेऊन तोच आधी आला. तिचा चेहरा पांढराफटक. सगळ्या बायका तिच्याभोवती. कुणी पाणी मारतंय, कुणी वारा घालतंय, कुणी बूट काढून फेकतंय, चपला शोधतंय. खबरदार पाण्याची कळशी घेऊन आत-बाहेर धावत होता. त्यानं चेहरे बघितलेच नाहीत. लांबटांग्या म्हणाला, “दवाखान्यात… मी जातो बरोबर,” आणि बायकांच्या सहलीच्या गाडीत बसला. सगळ्यांना घेऊन गाडी धूळ उडवत निघून गेली.

मग तो फळीसमोर उभा राहिला. बोट टेकवत मोजलं. बारा. पुन्हा मोजलं. बारा. जीव भांड्यात पडला. बायको न सांगता गाडीतून गेली याचं थोडं वाईटही वाटलं त्याला. पाणमांजराबद्दल दोन शब्द बोलली असती, त्यानं काहीतरी थाप मारली असती. असो, म्हणाला, घरी मारू.

फेकलेले रबरी बूट गोळा करायला तो वाकला. आणि फळीखाली, भिंतीच्या कडेला, त्याला एक चपलांचा जोड दिसला.

तपकिरी. डाव्या चपलेचा पट्टा तुटलेला आणि परत शिवलेला. निळ्या दोऱ्यानं, गणवेशाच्या दोऱ्यानं, मशीनवर दुहेरी टीप मारून. ती टीप मारताना पायडल त्याच्याच पायाखाली होतं.

खबरदार वाकला तसाच राहिला. फळी भरलेली होती. बारा खुंट्या, बारा बिल्ले. आणि तरी चपला इथं होत्या. सव्वीस वर्षं ज्या फळीवर भरवसा ठेवून तो झोपला होता, ती फळी त्याच्याकडं बघत खोटं बोलत होती.

झालं होतं एवढंच, आणि हे त्याला नंतर कळलं. खाली शिवणवाली पोस्टातलीला म्हणाली होती, “तू हो पुढं. माझा बिल्ला लाव. दोन मिनिटं बसते, ते कानफाट्या आलं तर बघते. वर आमचेच तर आहेत, त्यांच्याबरोबर घरी जाईन.” दुसरी कुणी असती तर पोस्टातलीनं ऐकलं नसतं. पण चौकीवाल्याचीच बायको. तिला काय सांगायचं? तिनं दोन बिल्ले दोन खुंट्यांना लावले, आणि चक्कर आलेल्या बाईच्या गडबडीत भावोजींना सांगायचं राहून गेलं.

तो पळत कड्याच्या काठाला गेला आणि पोटावर पडला. दुर्बिणीत आधी नुसता फेस. मग काळ्या खडकाचा एक उंचवटा, आणि त्यावर भगवा ठिपका. ती उभी होती. उंचवटा आणि शिडी यांच्यामध्ये जो चर आहे, तो पाण्यानं भरला होता. पाणी भरायचं, उतरायचं, पुन्हा थोडं जास्त भरायचं. ती एक पाऊल टाकायची, मागं घ्यायची. तो ओरडला. आवाज वाऱ्यानं उलटा त्याच्याच तोंडात कोंबला.

घड्याळात पाच वाजायला वीस मिनिटं. भिंतीवरचा भरतीचा तक्ता त्याला तोंडपाठ. साडेपाचला उंचवटा पाण्याखाली.

तो चौकीत आला आणि बिनतारी यंत्राचं बटण दाबलं. पहिल्या दोन वेळा बोट बाजूच्या बटणावर पडलं.

“साहेब, खाली माणूस राहिलंय.”

“फळी बघितली का?”

“फळी भरलीय.”

“मग राहिलंय कसं?”

“चपला राहिल्यात साहेब.”

“चपला? कुणाच्या?”

“घरच्या… आमच्या घरच्या.”

पलीकडं क्षणभर खरखर. मग साहेब म्हणाले, “होडी सोडतो. पण वळसा घालून यायला तास लागेल. तू काय बोलत बसलायस? उतर! त्या वाटेची दांडीन्‌दांडी तुला ठाऊक. आत्ताच तर कागद पाठवलास.”

यंत्र बंद झालं. चौकीत कुणी नव्हतं. वाऱ्यानं बारा बिल्ले एकमेकांवर किणकिणत होते.

त्यानं दोराचं भेंडोळं खांद्यावर घातलं आणि पायऱ्यांशी आला. एकशे दहा पायऱ्या त्यानं बसून उतरल्या; अक्षरशः बूड टेकवत, पाठ कड्याला घासत. पक्षी घरट्यांतून उठून डोक्यावर घिरट्या घालत किंचाळत होते. एक तर टाळक्याला पंख लावून गेला. खबरदारानं वर बघितलं नाही, खाली तर नाहीच. समोरच्या दगडातल्या शिंपल्याच्या खुणा बघत राहिला. मनात एकच विचार ठाण मांडून बसलेला : आपण पोचणार नाही, आणि ती वाट बघत राहणार, तिला वाटणार, रोज उतरतात ते, येतीलच.

शिडीच्या माथ्याच्या कडीला त्यानं दोर बांधला. गाठ तीनदा तपासली. मग पाठ समुद्राकडं करून पहिल्या दांडीवर पाय ठेवला. लोखंड ओलं, मिठानं खरबरीत. खालून गार वारा विजारीतून वर येत होता. आणि मग ऐकू आला तो आवाज. घोट गिळल्याचा. तोच, तेवीस वर्षांपूर्वीचा. जणू मधल्या काळात त्यानं दुसरं काही गिळलंच नव्हतं.

तो थांबला. उतरला. थांबला. दांड्या मोजत होता, पण आकडे मागंपुढं व्हायला लागले. अकरा की बारा? चौदावी झाली की राहिली? पंधराव्या दांडीवर दोन्ही पाय आले असं वाटलं, तेव्हा त्यानं उजवा पाय खाली सोडला. पायाखाली दांडी आली आणि पायाखालीच फिरली. गर्रकन. पाय घसरून हवेत गेला.

खबरदारानं दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारली आणि डोळे गच्च मिटले. हीच ती चौथी. ही ठाऊक असूनही त्यानं ‘होय’भोवती गोल केला होता. पाय पुन्हा वरच्या दांडीवर आणला, आणि मग त्याच्या अंगातलं सगळं बळ संपलं. आता खाली जाता येईना, वर जाता येईना.

“अहो!” तिचा आवाज खूप जवळून आला. “अहो, उतरा की! पाणी आलंय माझ्या पायाशी!”

त्यानं कपाळ दांडीला टेकवलं.

“थांबलात का? रोज उतरता ना?”

“नाही,” तो लोखंडाला म्हणाला.

“काय?”

“नाही उतरत! कधीच नाही उतरत!”

मधून एक लाट गेली. तिचा आवाज पुन्हा आला तेव्हा तो बदललेला होता. तीही घाबरलेली होती, पण आता त्यात हुकूम होता, वर्गातल्या बायकांना देतात तसला. “बरं. दोर टाका. दोर तरी टाकता येतो ना?”

एक हात सुटा करायला त्याला कितीतरी वेळ लागला. खांद्यावरचं भेंडोळं खाली सरकवलं. पहिल्यांदा दोर पाण्यात पडला. त्यानं ओढला, डोळे मिटूनच पुन्हा भिरकावला. तिसऱ्यांदा तो ताणला गेला. तिनं कमरेला बांधून घेतला होता.

“येतेय मी!”

दोर हातात ताठ झाला. मग लाट आली, आणि दोर एका अंगाला असा ओढला गेला की त्याच्या तळहाताची साल निघाली. खाली ओरडणं, मग ओरडणं बंद. तेव्हा खबरदारानं डोळे उघडले. चरातल्या फेसात भगवा रुमाल नव्हता. नुसतं डोकं, केस चेहऱ्याला चिकटलेले, तोंड वासलेलं. तो दोर ओढत राहिला. भीती गेली नव्हती. ती इतकी वाढली होती की त्याहून वाढायला तिला जागाच उरली नव्हती.

तिचे हात खालच्या दांडीवर आले. ती खोकली, थुंकली, एकेक करत तीन दांड्या चढली.

“चौथीवर पाय नको!” तो किंचाळला. “फिरते ती!”

“मग कशावर ठेवू? दोन दांड्यांचं अंतर. गुडघा उचलत नाही माझा.”

तिच्या मागं समुद्र पाठ उंचावत होता. खबरदारानं डावा कोपर शिडीत अडकवला, आणि उजवा हात सोडला. खाली वाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं खाली नीट बघितलं, आणि जे दिसलं त्यानं पोटातलं सगळं वर आलं. ते त्यानं तिथंच एका अंगाला ओकून टाकलं. पण हात मागं घेतला नाही. तिनं मनगट धरलं. त्यानं ओढलं. ती कण्हत वर आली आणि तिचं डोकं त्याच्या पोटऱ्यांना टेकलं.

आणि मग तो पुन्हा तसाच. मिठी शिडीला, डोळे मिटलेले.

“चला वर.”

“पाय उचलत नाही.”

“उचलत नाही म्हणजे? पाणी येतंय.”

“माझं मन ऐकत नाही गं. तू… तू मला ओलांडून जा.”

“शिडी काय जत्रेतली आहे, ओलांडून जायला?” तिनं त्याच्या उजव्या पायाचा घोटा धरला. “ऐका. वर बघू नका, खाली बघू नका. मशीनवर बसलोय आपण. कापड माझ्याकडं. पाय तुमचा. उजवा. चालू द्या.”

पाय वर गेला. कसा गेला ते त्याला कळलं नाही.

“आता डावा… हळू… हळू… थांबा.”

थांबला.

“चालू द्या.”

एक लाट खाली फुटली आणि दोघांनाही मानेपर्यंत भिजवून गेली. त्यानं हुंदक्यासारखा आवाज काढला. खालून तोच सूर, “शिवण चुकतेय, लक्ष द्या. उजवा.” असं करत पंधरा दांड्या. मध्ये दोनदा तीच थांबली, गुडघ्यासाठी. तेव्हा शिडीवर नुसता वारा आणि दोघांचे श्वास. त्या थांब्यांत खबरदाराला वाटायचं, आता तिचा आवाज पुन्हा येणारच नाही. मग यायचा, “हं. चालू द्या.”

पायऱ्या दोघांनी रांगत पार केल्या. वर गवतावर पालथी पडली. काही वेळानं खाली होडीचं इंजिन ऐकू आलं. खबरदारानं झोपूनच हात हलवला. उंचवटा तेव्हा दिसत नव्हता.

होडी परत फिरल्यावर ती म्हणाली, “आलं होतं ते.”

“कोण?”

“कानफाट्या. कान फाटलाय खरा. पण कपाळावर ठिपका नाही.”

त्यानं गवताची एक काडी उपटली.

“आणि माझ्या बुटाचा वास घेतला नाही. बघितलं आणि पळालं. ते पळालं म्हणून मी अजून थोडी बसले. म्हटलं, तुमच्यासारखं मलाही ओळखेल.” तिनं हाताचा पंजा गवताला पुसला. “किती वर्षं?”

“तेवीस.”

“तेवीस वर्षं रोज मी डबा भरताना म्हणायचे, जपून उतरा.”

ती उठली, लंगडत चौकीत गेली, ओले बूट काढून फेकले आणि आपल्या चपला घातल्या. आठ दिवस बाकावर त्याला शेजारी बसू दिलं नाही. सुजलेल्या गुडघ्यानं पायडल स्वतःच मारत राहिली आणि तो दारात उभा राहून मशीनचा अडखळता आवाज ऐकत राहिला.

महिनाअखेरचा कागद आला. खबरदारानं तो चौकीतल्या टेबलावर ठेवला, घड्या पडल्या तिथं तळहातानं दाबला. ‘नाही’भोवती गोल केला. खाली लिहिलं : ‘चौथी दांडी फिरते. पाय ठेवून पाहिली. तेवीस वर्षांत पाहिली नव्हती. फळीवरच्या बिल्ल्यावर विसंबू नये.’ साहेब जातीनं आले. आधी आवाज चढवला, मग खुर्चीत बसले, मग पुन्हा चढवला. शिडीची कामं लांबटांग्याच्या सहीवर गेली आणि खबरदाराला वरच्या फाटकावर बसवलं. नव्या लोकांना छाती फुगवून सांगायची गोष्ट साहेबांनी बंद केली.

फाटकावरून कडा दिसत नाही, पण आवाज येतो. भरती असली की तो घोट गिळल्याचा आवाज त्याला तिथंही ऐकू येतो आणि तो खुर्ची जरा मागं ओढून घेतो. संध्याकाळी पाळी संपली की तो चौकीवर चालत जातो. तिथं आता नवी पद्धत आहे : ज्याचा बिल्ला त्याच्याच खुंटीला त्याच्याच चपला टांगायच्या, आणि बिल्ला आणून दिला तरच चपला मिळायच्या, त्याही ज्याच्या त्याच्याच पायात. लांबटांग्या म्हणतो, “मोजून झालंय… मी केलंय.” तरी खबरदार फळीखाली गुडघ्यावर बसतो, कोपऱ्यापर्यंत हात घालतो आणि जमीन चाचपून बघतो.